बत्तीस चौकटींची पट्टी

आमच्या कॉम्प्युटर क्लासची गोष्ट मी आजवर निदान शंभर जणांना ऐकवली असेल. साडूने परदेशातून आणलेलं पाटीएवढं घरगुती मशीन, त्याला जोडलेला घरचा रंगीत टीव्ही, आणि नागपूरच्या मे महिन्यात कूलरसमोरची मानाची जागा मशीनला, घाम आम्हाला. लोक हसतात, मीही हसतो. या गोष्टीतून एक माणूस मात्र मी दर वेळी गाळतो. तो आला की गोष्ट विनोदी राहत नाही, आणि मी तर मुळीच राहत नाही. आता पंचाहत्तरी उलटली. तेव्हा एकदाचं सांगून टाकतो.

किसन मास्तर शाळेत कधी शिकवायला नव्हते. उमरेडच्या हातमागवाल्या घरातले. नागपुरात विणकरांच्या एका सोसायटीत चौकटीच्या कागदावर साड्यांच्या काठांची नक्षी उतरवून द्यायचे, म्हणून मास्तर. कुठलीही वस्तू किती भरली आणि किती उरली हे डोळ्यांना दिसल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. घरच्या टाकीत खुणा केलेली काठी उभी, घासलेटच्या डब्यावर रंगाच्या रेघा, सायकलच्या हवेसाठीसुद्धा काहीतरी खूण होती म्हणतात. "दिसलं पाह्यजे साहेब," ते म्हणत. "मागावर ताणा किती उरला हे दिसत नसन, तं विणकर हात चालवत नाही."

माझ्या क्लासात ते आले ते निव्वळ कुतूहलाने, दारावरची पाटी वाचून. टीव्हीवर कोणीतरी चौकटी जोडून घर काढत होतं. मास्तर चप्पल काढायची विसरून पडद्यापाशी गेले. "हा तं आमचाच कागद होय गा! फक्त उजेडाचा हाय."

त्या काळी माझी शिकवण्याची पद्धत सोपी होती. मशीनबरोबर आलेल्या पुस्तकात विद्यार्थ्यांच्या एक पान पुढे राहायचं. मास्तर महिन्याभरात माझ्या वीस पानं पुढे गेले. मग मी त्यांना संध्याकाळच्या तासाला नेमलं. म्हणजे शिकवायचे ते, आणि टाय घालून दारात उभा राहायचो मी.

मशीनची मेमरी एवढीशी. ती भरली की काही न सांगता मशीन थिजायचं. मग बंद करून चालू करायचं, आणि केलेलं सगळं गेलं. एकदा एका मुलीचं दोन तासांचं काम असं पुसलं गेलं. मास्तरांनी मला विचारलं, "किती भरलं ते कुठं दिसते?"

"ते मशीनला कळतं ना मास्तर. आपल्याला कशाला?"

"मंग मशीनलेच शिकवू द्या क्लास. तुम्ही-आम्ही काहून बसून राहिलो?"

आठवड्याने त्यांनी एक छोटा प्रोग्राम लिहून आणला, चौकटीच्या कागदावर, पेन्सिलने. तो चालवला की पडद्याच्या तळाशी बत्तीस चौकटींची एक पट्टी उमटे. मेमरी भरत जाईल तशी एकेक चौकट उजळायची; आधी हिरव्या, मग पिवळ्या, शेवटच्या चार लाल. पिवळी दिसली की हात थांबवायचा आणि काम कॅसेटवर उतरवून घ्यायचं, हा मास्तरांचा नियम. कॅसेटचा तो किंचाळणारा आवाज ऐकून शेजारच्या वहिनी विचारायच्या, "मिक्सर बिघडला का हो?"

पट्टीतली पहिली चौकट मशीन सुरू करताच उजळलेली असे. काम सुरू नाही तर ती का भरली, असं मी विचारलं. मास्तर म्हणाले, "ते या पट्टीचं सोताचं. तिलेही जागा लागते ना. मोजणाऱ्यानं आपलं वजन आधी मांडा लागते." मला हे वाक्य फार आवडलं. इतकं, की पुढे मी ते बऱ्याच ठिकाणी स्वतःचं म्हणून खपवलं.

मास्तरांचे बाबा उमरेडला असत. ऐंशीच्या घरातले, उमेदीत करवती काठाचे नामांकित विणकर. करवतीच्या दातांसारखा तो काठ; त्याचे जुने प्रकार कागदावर कधी आलेच नव्हते. ते बाबांच्या बोटांत आणि तोंडात होते. मुलाने माग सोडून कागद धरला याचा त्यांना राग होता. कागद सोडून टीव्ही धरला हे कळल्यावर त्यांनी बोलणंच टाकलं. मास्तरांचं एकच चाललं होतं. बाबांनी एकदा येऊन काठ सांगावेत, आपण ते मशीनमध्ये भरावेत, आणि पडद्यावर आपलाच काठ बघून बाबांनी म्हणावं, की हेही विणकाम आहे. दोन वर्षं विनवण्या केल्यावर बाबा एक दिवसासाठी यायला तयार झाले.

मला त्यात माझा फायदा दिसला. सोसायटीच्या अध्यक्षांनाही मी त्याच दिवशी बोलावलं. त्यांनी सोसायटीची सगळी नक्षी मशीनवर ठेवायचं काम दिलं असतं, तर क्लासला बरे दिवस आले असते. आदल्या आठवड्यात अध्यक्ष सहज डोकावले होते तेव्हा पट्टी लाल झाली होती. ते म्हणाले होते, "एवढ्यातच पोट भरलं तुमच्या मशीनचं?" ते वाक्य मला फार लागलं होतं.

म्हणून त्या सकाळी मास्तर बाबांना आणायला बसस्टँडवर गेले असताना मी पट्टीच्या प्रोग्राममधला भागाकाराचा एक आकडा दुप्पट केला. मेमरी जेवढी भरेल त्याच्या निम्म्याच चौकटी उजळतील. कॉम्प्युटरमध्ये स्वतःच्या अकलेने मी केलेलं हे पहिलं काम, आणि ते बिनचूक चाललं.

बाबा आले. पांढरं धोतर, काळी टोपी. खुर्ची नाकारून सतरंजीवर बसले. टीव्हीकडे पाहून म्हणाले, "याले पाणी-गिनी लागते का?" मग डोळे मिटून काठ सांगायला लागले. "तीन लाल, एक सोड. दोन लाल, दोन सोड..." मास्तरांची बोटं चालू झाली. एक काठ, दुसरा, तिसरा. अध्यक्ष थक्क होऊन बघत होते. चौथ्या काठाला बाबांनी डोळे उघडले, पडद्यावर उमटलेल्या दातांकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "दात बराबर आला बे, किसना." मास्तरांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. चाळिशीतल्या माणसाला इतकं लहान झालेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

सातव्या काठाला मास्तर थांबले. वाकून पट्टी बघितली. अजून सगळी हिरवीच होती. ते हळूच मला म्हणाले, "साहेब, आज लय जागा उरून राहिली. टेप करून घेऊ का?"

मला तो आकडा आठवला. खोटं बोलत नाही, लख्ख आठवला. पण अध्यक्ष शेजारीच बसले होते, आणि तासाभरापूर्वी मी त्यांना आमचं मशीन सहजासहजी भरत नाही म्हणून सांगून बसलो होतो. मी म्हणालो, "पट्टी हिरवी आहे ना? मग चालू द्या. बाबांची लय तुटेल."

अकराव्या काठाच्या मधोमध मशीन थिजलं. कळ दाबा, काही नाही. बाबा डोळे मिटून सांगतच होते. "एक लाल, एक सोड..." मास्तरांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला तेव्हा ते थांबले.

"काय झालं?" अध्यक्षांनी मला विचारलं.

आणि मी, टाय सारखा करत म्हणालो, "मास्तरांच्या पट्टीत काहीतरी चूक राहिलेली दिसते."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मग मशीनकडे. आपल्या पट्टीत चूक नाही हे त्यांना ठाऊक होतं, आणि तिला हात लावणारा दुसरा कोण असणार हेही. एका वाक्यात त्यांना माझं वस्त्रहरण करता आलं असतं. ते म्हणाले, "हो. माह्या हातून चुकलं."

बाबा उठले. काठी शोधली. म्हणाले, "भरलं का रिकामं हे ज्याले समजत नाही, त्याले विणकर नाही म्हणत बे." पुन्हा सांगा असं म्हणायची कोणाची छाती झाली नाही. मास्तर त्यांना पोचवायला बसस्टँडवर गेले. बाप पुढे, मुलगा दहा पावलं मागे. अध्यक्षांचं काम मला मिळालं नाही, हे सांगायला हवं. पापाचा मोबदला मिळवण्याइतकाही मी हुशार नव्हतो.

दुसऱ्या दिवशी मास्तर वेळेवर आले. पट्टीचा प्रोग्राम उघडला, तो एक आकडा पुसून जुना घातला, कॅसेटवर उतरवून मला दिला आणि म्हणाले, "आता बराबर दाखवते. कोणी हात नोको लावू द्या." एवढंच. महिन्याअखेरीस त्यांनी क्लास सोडला. उमरेडला जाऊन पुन्हा मागावर बसले. बाबांच्या शेजारच्या मागावर.

बाबा चार वर्षांनी गेले. मी भेटायला गेलो, आज सांगायचंच असं बसमध्ये तीनदा ठरवून. ओसरीवर आम्ही दोघेच होतो. मास्तर म्हणाले, "जायच्या आदल्या दिवशी बाबानं हात धरला साहेब. म्हणे, चूक होते बे माणसाच्या हातून. पण तू कबूल झाला, दुसऱ्यावर ढकललं नाही. मी तुले माफ केलं." एवढं बोलून ते माझ्याकडे पाहत राहिले. रागाने नाही. जणू त्यांनी दार उघडून धरलं होतं आणि मी आत येतो का याची ते वाट पाहत होते.

मी विचारलं, "नागपूरची बस किती वाजता आहे?"

त्यांनी वेळ सांगितली.

पुढे अनेक वर्षं मी स्वतःला समजावलं, की सांगितलं असतं तर बापाने दिलेली माफी त्या बिचाऱ्याच्या हातून निसटली असती. किती थोर विचार! खरं तर ती माफी माझ्या गुन्ह्याची होती. मास्तरांनी ती माझ्या वतीने मागितली, माझ्या वतीने घेतली आणि माझ्यापुढे आणून ठेवली. ती उचलायला लागणारं एक वाक्य माझ्याकडून झालं नाही. नंतर दोनदा उमरेडला गेलो. एकदा पावसावर बोललो, एकदा मुलीच्या लग्नाची पत्रिका देऊन आलो. मागच्या पोळ्याला मास्तर वारल्याचं कळलं.

ते वाक्य त्या दिवशी सतरंजीवर बसलेल्या म्हाताऱ्याला, सगळ्यांसमोर, सांगायचं होतं. बाबा, तुमच्या किसनाचं काही चुकलं नाही. आकडा मी बदलला, आणि खोटंही मीच बोललो.