टाचणी दिसता कामा नये

सान बार्तोलो गावात नवरीच्या केसांत फुलं माळायची असोत, मेलेल्याला शेवटचे कपडे चढवायचे असोत की बारशाचं टेबल मांडायचं असो, शब्द एकच, ‘आर्रेग्लार’, म्हणजे नीट सजवणं. आणि तो उच्चारला की पुढे नाव ओब्दुलियाचं. गुड फ्रायडेच्या मिरवणुकीसाठी देवळातल्या दुःखी मरियेच्या मूर्तीला नेसवण्याचा मानही एकेचाळीस वर्षं तिचाच. त्याचा तिला ताठा होता, आणि माझ्या मते तो शोभायचा.

मरियेचा पोशाख शिवत नाहीत, नुसत्या टाचण्यांवर बसवतात. खोलीत पुरुषांना मज्जाव. बायका टाचण्या ओठांत धरतात, त्यामुळे मरियेसमोर चहाड्या होत नाहीत. एक टाचणी जरी बाहेरून दिसली, तरी गाव वर्षभर तोंडसुख घेतं.

त्या वर्षी ओब्दुलियानं बाजारात मक्याच्या पोत्याला ‘नमस्कार, फादर’ म्हटलं. गावभर बोभाटा झाला. मिरवणूक समितीचा अध्यक्ष अन्सेल्मो लगेच दारात हजर.

‘मावशी, तुझी नजर गेली म्हणतात.’

‘तुझी अक्कल गेली तेव्हा मी बोलले का कुणाला?’

‘यंदा नेसव तू. पण मी चष्मा लावून बघणार. एक टाचणी दिसली, तर पुढच्या वर्षी राजधानीतला माणूस आणणार.’

‘मरियेला पुरुष नेसवणार?’

‘शिकलेला आहे, मावशी.’

नजर खरंच गेली होती, दोन वर्षांपूर्वीच. ते फक्त तिच्या भाचीला, निन्फाला ठाऊक होतं. निन्फा रंग सांगायची, टाचणी हातात द्यायची. बाकी सगळं ओब्दुलियाची बोटं करायची. गुड फ्रायडेला काळ्या मखमलीची एकेक निरी तिनं अंगठ्यानं चाचपून बसवली. चेहऱ्याभोवतीची लेस मनासारखी पडेना, म्हणून तीनदा उतरवली. बोटांना टोचत होतं, तरी प्रत्येक टाचणी तिनं कापडात दडवली.

दार उघडलं. अन्सेल्मोनं मरियेभोवती तीन फेऱ्या मारल्या, वाकून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

‘एकही नाही,’ तो पडेल आवाजात म्हणाला.

‘आता ऐक. मला दिसत नाही, दोन वर्षं झाली. यंदाही दिसलं नाही आणि तुला खोट सापडली नाही. पुढच्या वर्षी निन्फा नेसवेल. ती माझ्या हाताखाली तयार झालीय. राजधानीचं नाव काढलंस तर हे सगळं चौकात सांगेन.’

अन्सेल्मोनं मान हलवली, मग ती बघू शकत नाही हे आठवून म्हणाला, ‘बरं, मावशी.’

मिरवणूक निघाली. काळ्या ओढण्यांतल्या बायकांनी मरियेला खांद्यावर घेतलं. ओब्दुलिया देवळाच्या पायरीवर निन्फाचा दंड धरून उभी होती. निन्फा कानाशी सांगू लागली, ‘डावी निरी अगदी सरळ पडलीय, मावशी, आणि लेस...’

‘ते मला ठाऊक आहे,’ ओब्दुलिया म्हणाली. ‘लोकांचे चेहरे सांग.’