जुन्या पत्त्यावरचे मासे

विलास तळवडेकर मूळचे वेंगुर्ल्याचे. बहरीनमध्ये ते एका एसी कंत्राटदाराकडे ड्राफ्ट्समन आहेत. कुठल्या इमारतीत हवेचे डक्ट कुठून जातील त्याचे नकाशे काढतात. मनामाच्या हूरा भागात एका कोल्ड स्टोअरच्या, म्हणजे इथल्या किराणा दुकानाच्या, वरच्या मजल्यावर ते आणि ज्योत्स्नावहिनी राहतात. माणूस सरळ, बोलणे कमी. ऑफिसात वरच्या जागेवर त्यांच्यामागून आलेली माणसे बसली, त्याचेही त्यांनी कधी फार मनाला लावून घेतले नाही. पण मनामाच्या मासळीबाजारात त्यांच्यासोबत गेलात, तर वेगळाच माणूस दिसतो. विक्रेत्याशी अरबीत घासाघीस करतील, कल्ले उचलून पाहतील, आणि शेजारी गोंधळून उभ्या असलेल्या एखाद्या अनोळखी मराठी बाईला न विचारता सांगतील, "वहिनी, तो घेऊ नका, कालचा आहे."

याच सवयीतून त्यांची वेबसाइट निघाली, 'बहरीनचे मासे' नावाची. सुरमईला इथे चनद म्हणतात, पापलेटला जुबेदी, हामूर म्हणजे आपला हेकरू, साफीला आपल्याकडे जोड नाही पण ती तळून खावी. अशी एकेका माशाची एकेक माहिती. शैली नकाशासारखीच, एक शब्द जास्त नाही. नवे कुटुंब बहरीनला आले की कोणीतरी त्यांना व्हॉट्सॅपवर हा दुवा पाठवायचा. तळवडेकरांना तेवढ्याने पुरत असे. निदान ते तसे म्हणत असत.

मी आमच्या मराठी मंडळाचा खजिनदार. नोकरी एका व्यापारी कंपनीच्या हिशेबखात्यात, आणि तीही आता संपत आली आहे. गेल्या वर्षी मंडळाने ठरवले की आपली एक नवी मोठी वेबसाइट करायची आणि तळवडेकरांचे मासे तिच्यात सामावून घ्यायचे. काम दिले मयुरेश खळदकरकडे. हा मूळ पुण्याचा, बँकेत नोकरीला, जुफैरला उंच इमारतीत राहणारा. गणपतीत सूत्रसंचालन त्याचे, नाटकात मुख्य काम त्याचे, मुले त्याच्याभोवती. शिवाय तो शाकाहारी.

ही शेवटची गोष्ट तळवडेकरांना सर्वात जास्त खुपली. "टिळेकर," ते मला म्हणाले, "बोय आणि सुरमई शेजारी ठेवली तर त्याला ओळखता येणार नाही. आणि माशांचा कारभार त्याच्याकडे."

"त्याला मासे कुठे शिजवायचेत? पानं हलवायचीत फक्त."

"तेच म्हणतो मी. शिजवणारा राहिला बाजूला."

त्यांनी पासवर्ड दिला, पण कुरकुरत दिला. जुना पत्ता, म्हणजे वेबसाइटचे डोमेन, मात्र स्वतःच्याच नावावर ठेवले. मयुरेशने ते मंडळाच्या नावावर करून मागितले तेव्हा "बघू" म्हणाले, आणि नंतर त्याचे फोन घेणेच बंद केले.

मयुरेशला करायचे होते ते असे. जुन्या पत्त्यावर कोणी गेले की त्याला आपोआप नव्या जागी, त्याच माशाच्या पानावर पोचवायचे. याला परमनंट रीडायरेक्ट म्हणतात. घर बदलल्यावर पोस्टात नवा पत्ता देऊन ठेवावा, तसे. ज्या संध्याकाळी हे बदल व्हायचे होते, त्या संध्याकाळी तळवडेकर ऑफिसातून लवकर घरी आले आणि संगणकासमोर बसले. वहिनींनी चहा ठेवला तो निवून गेला. त्यांनी आपली सगळी पाने, एकही न वगळता, जुन्या पत्त्याने उघडून पाहिली. प्रत्येक वेळी एकच गोष्ट समोर आली, कोट घालून हसणारा मयुरेश आणि खाली 'संकेतस्थळ प्रमुखांचा परिचय'.

हे मला कळले ते बऱ्याच आठवड्यांनी. तोवर मला एवढेच दिसत होते की तळवडेकर मंडळात यायचे कमी झालेत. आले तरी मागे बसत. कोणी म्हणाले, "नवी साइट काय सुरेख झालीय," की ते उठून पाणी प्यायला जात. मयुरेशने एकदा स्टेजवरून "आमचे विलासकाका" असा उल्लेख केला. टाळ्या पडल्या. तळवडेकर माझ्या कानात म्हणाले, "ऐकलंत? स्वतः टाळ्या घेताना माझं नाव वापरलं."

शेवटी एका शुक्रवारी त्यांनी मला घरी बोलावले आणि संगणकापुढे बसवले. जुबेदीचा जुना पत्ता टाकला. मयुरेश. हामूर. मयुरेश. कोळंबी. पुन्हा मयुरेश.

"बघा. माझ्या प्रत्येक माशाच्या जागी हे थोबाड आहे. इतकी वर्षं लिहिलं मी. आता कोणी जुबेदी शोधायला गेलं की ह्याची ओळख वाचणार."

ज्योत्स्नावहिनी भजी घेऊन आल्या. "भावोजी, तुम्हीच सांगा यांका. तो पोरगो मासो खाणा नाय, आणि यांका वाटता तेणा यांचे सगळे मासे गिळल्यान."

"गप रव गो," तळवडेकर म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "तुम्ही कार्यकारिणीत हा विषय मांडा. नाहीतर माझा निर्णय झालाय. पुढच्या महिन्यात डोमेनचं नूतनीकरण आहे. मी करणार नाही. जुना पत्ताच बंद होईल."

"म्हणजे लोकांकडे जे दुवे आहेत ते सगळे मरतील."

"मरू देत. तसेही ते त्याच्याकडेच जातात."

मला वाईट वाटले, आणि मयुरेशचा रागही आला. पण तक्रार करायची तर पुरावा हवा. सनद भागातल्या माझ्या घरी परतल्यावर मी माझ्या संगणकावर तोच जुना पत्ता टाकला, पान छापून घ्यावे म्हणून. समोर जुबेदी आली. वर नवी साइट, खाली तळवडेकरांचे शब्द, शेवटी त्यांचे नाव. हामूर टाकले. हामूर आला.

मी फोन केला. "तळवडेकर, दुरुस्त झालंय. उघडून बघा."

थोड्या वेळाने ते म्हणाले, "कोट घातलाय. निळा टाय. हसतोय."

"माझ्याकडे मासा आहे हो."

मग ते हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे फक्त मलाच दाखवतोय तो. मुद्दाम. माझा संगणक ओळखून."

हिशेबाच्या कामात मला एक सवय लागली आहे. दोन ठिकाणी एकच आकडा वेगळा दिसला की आधी कोणाला चोर म्हणायचे नाही, दोन्ही ठिकाणे तपासायची. मी म्हटले, "फोन वहिनींना द्या." त्यांना त्यांच्या मोबाइलवर तोच पत्ता उघडायला सांगितला.

"पापलेट दिसता मरे," त्या म्हणाल्या. "बरा मोठा दिसता."

मागून तळवडेकर म्हणाले, "तिला पण सामील करून घेतलं त्याने."

रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या कामाच्या दिवशी, ऑफिसात आमच्या संगणक विभागातल्या नावेदला मी गाठले. नाव न सांगता सगळे सांगितले. तो हसला. "साब, जिस दिन ग़लत लगा था, उसी दिन उन्होंने खोला होगा. ब्राउज़र को बोला गया 'परमनंट', तो उसने याद कर लिया. अब वो दुबारा पूछने जाता ही नहीं. सीधा उसी ग़लत पन्ने पे ले जाता है. बाक़ी लोग बाद में आए, उनको सही मिला."

"म्हणजे चूक दुरुस्त झाली, पण..."

"सबके लिए. जिसने सबसे पहले देखा, उसको छोड़के. हिस्ट्री साफ़ करवा दो, ख़लास."

त्या संध्याकाळी मी मयुरेशलाही फोन केला, सहज चौकशी करावी तसा. तो लाजला. "काका, पहिल्या दिवशी एक घोळ घातला होता मी. तेव्हा नव्या साइटवर माझ्या परिचयाचंच पान तयार होतं, तेच चाचणीसाठी वापरलं आणि नियम सगळ्या साइटला लागला. तासाभरात काढला. कुणी पाहिलं नसेल बहुतेक."

मी "नसेल" म्हणालो.

तळवडेकरांच्या घरी जाऊन मी त्यांना नावेदचे म्हणणे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद काही दिसला नाही. मला वाटते, इतके आठवडे जपलेला राग एका बटणाने जाणार, हे त्यांना जरा कमीपणाचे वाटले असावे. ब्राउझरची जुनी माहिती पुसायची का, असे संगणकाने विचारले. त्यांचा हात माउसवर थांबला.

"पुसा," वहिनी म्हणाल्या. "तो टाय बघून बघून माका कंटाळो इलो."

त्यांनी पुसले आणि जुबेदीचा पत्ता टाकला. जुबेदी आली. मग ते एकेक पान वाचू लागले, ओळीवर बोट ठेवून. मयुरेशने कुठे काय बदलले ते शोधत होते. मी शेजारी बसलो होतो. शब्द तेच, क्रम तोच, प्रत्येक पानाखाली 'लेखन: विलास तळवडेकर'. अक्षर तेवढे मोठे केले होते.

"त्याला कळतच नाही, मग हात कशाला लावेल," ते म्हणाले. आवाजात तक्रार होती, पण ती कशाबद्दल होती ते त्यांनाही सांगता आले नसते.

पानांच्या खाली वाचकांचे प्रश्न होते, याआधी ते त्यांना दिसलेच नव्हते. सनदच्या एका बाईंनी विचारले होते, साफी साफ करताना काटा लागला, बोट सुजले, काय करू? इथे ज्याला मेद म्हणतात तो मासा आणि बोय एकच का, हे एकाने विचारले होते. प्रत्येकाखाली मयुरेशचे एकच उत्तर होते, 'विलासकाकांना विचारून सांगतो.' त्याखाली काही नव्हते.

"फोन घेतला असता तर विचारलं असतं तेणा," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या.

तळवडेकरांनी चष्मा पुसला. मग मोबाइल घेऊन मयुरेशला फोन लावला. नमस्कार वगैरे काही नाही.

"मी तळवडेकर. डोमेनचं नूतनीकरण करतोय. चालू राहील. पण मंडळाच्या नावावर करणार नाही. माझ्याच नावावर राहील."

"चालेल काका," पलीकडून मलाही ऐकू आले. "तुमचंच आहे ते. आणि ते प्रश्न..."

"बघतो." त्यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिले. "लगेच हो म्हणाला. थोडा तरी हट्ट धरायचा. असा मोठेपणा करतात ही माणसं, आणि मग सगळे त्याचंच नाव घेतात."

ते संगणकाकडे वळून उत्तरे लिहू लागले. साफीच्या काट्यात विष असते, बोट सोसवेल तितक्या गरम पाण्यात बुडवावे, सूज उतरली नाही तर डॉक्टरकडे जावे. मेद म्हणजे बोयच. नव्या साइटवरही लेखक म्हणून त्यांचेच जुने खाते चालत असल्याने प्रत्येक उत्तरावर त्यांचे नाव आपोआप येत होते. तरीही त्यांनी प्रत्येक उत्तराखाली पुन्हा आपले पूर्ण नाव टाइप केले, वडिलांच्या नावासकट.