अकराव्या मजल्यावरचा कडा

हिंजवडीतल्या आमच्या टॉवरला अकराव्या मजल्यावर आग्या मोहोळ लागलं. सोसायटी विष फवारायला निघाली होती, म्हणून मी धरणाकडच्या गावातल्या एका मोहोळ काढणाऱ्याला बोलावलं. खांद्यावर दोराचं वेटोळं घेऊन तो आला, बराच वेळ मान वर करून बघत राहिला आणि वॉचमनला म्हणाला, "ह्या कड्यावर जायाचा जिना कुटंय?"

"कडा नाही हो, इमारत आहे," मी शहाणपणाने म्हणालो. "माश्या फसल्यात."

तो हसला नाही. लिफ्ट सोडून जिन्याकडे वळला.

"माशीला उंच, उभा दगुड लागतो. पिढ्यान्‌पिढ्या त्योच. आमच्या गावचा कडा फोडून खडी केली, ती ह्याच भिंतींत गेली. माशी न्हाई फसली, साहेब. तिनं आपला कडा वळीकला."