परत दाब, मावशी

साहेबांनी माझा अंगठा हातानं धरला नाही. टेबलावरच्या पेन्सिलीनं वर उचलला. मेलेली पाल काडीनं उलटी करून बघतात की, तसा.

"वास येतोय," म्हणाले. नाकाला रुमाल.

तंबाखूचा वास तो. धुतला तरी जात नाही. मंद्रूपहून लग्न होऊन सोलापुरात आले, त्याच आठवड्यात सासूनं विड्या वळायचं सूप मांडीवर दिलं. चाळीस वर्षं झाली, ते अजून मांडीवरच आहे. 

"ह्या अंगठ्यावर सात सिमकार्डं निघालीत, म्हातारे. त्यातल्या एका नंबरवरनं एका रिटायर मास्तरांना धमक्या गेल्यात. तुम्हाला अटक करतो म्हणून. मास्तरांनी अंथरूण धरलंय. कुणाला दिलीस सिमं?"

माझ्याकडं एकच फोन. बटणांचा. त्यातलंही हिरवं बटण तेवढं मला कळतं.

पोलिसांच्या त्या कचेरीत बाकावर माणसं बसली होती. सगळी माझ्याकडं बघायला लागली. समोर खुर्ची रिकामी होती. बस, असं कुणी म्हटलं नाही. उभीच राहिले.

आता झालं काय होतं, ते सांगते.

कारखान्याच्या फाटकापाशी आम्ही बायका वळलेल्या विड्या द्यायला रांगेत बसतो. दोन महिन्यांमागं तिथं छत्रीखाली टेबलावर अंगठ्याचं मशीन मांडून एक माणूस बसला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, बोलणं तर नुसती साखर. म्हणाला, विडी कामगाराच्या कार्डाला नवा अंगठा जोडायचाय, नाहीतर कार्डावरचा फुकट दवाखाना बंद होईल. दवाखाना म्हटल्यावर कोण मागं राहतंय? आधार कार्ड मी आपल्या हातानं त्याच्यापुढं ठेवलं.

आमच्या अंगठ्याची एक गोष्ट आहे. पान दुमडून दुमडून, तंबाखू दाबून दाबून त्याच्या रेघा झिजतात. रेशनच्या मशीनवर पहिल्या खेपेला कधी उमटत नाही. मग आम्ही तो केसाच्या तेलात घासतो, पदराला पुसतो, परत दाबतो. वर रेशनवाल्याचीच माफी मागतो. मशीन खोटं असेल असं कुणाच्या मनातसुद्धा येत नाही. आपलाच अंगठा खोटा.

छत्रीखालच्या त्या माणसाला हे पक्कं ठाऊक होतं.

"उमटंना मावशी. परत दाब."

दाबला. परत. परत. सात वेळा. शेजारची नरसम्मा तोंडाला पदर लावून हसत होती. "अक्का, तुज्या अंगठ्यानं संन्यास घेतला काय गं?"

मी पण हसले. आणि उठताना त्या माणसाला म्हणाले, "तुमाला लई तरास दिला बगा."

तरास! अंगठा दर वेळेला उमटत होता. एका दाबाला एक सिम.

कचेरीत हजर व्हा म्हणून फोन आला, तेव्हापासून चार दिवस घास गिळला नाही. कुकरची शिट्टी झाली तरी दचकायची. दारापुढं बूट वाजले की मोरीत जाऊन उभी राहायची. सारखं वाटायचं, कुठंतरी दुसरी मी फिरते आहे. नाव माझं, अंगठा माझा. ती म्हाताऱ्या माणसांना फोन करून भिववते. ते मास्तर अंथरुणातनं शिव्याशाप देत असतील, ते माझ्या नावाला लागत असतील. आणि मी इथं भाकरी थापतेय.

लेक चिंचोळी एमआयडीसीत कामाला आहे. तो म्हणाला, "आई, मान खाली घालायची. म्हनतील तितं अंगठा द्यायचा आन् घरी यायचं. माज्या नोकरीवर नको यायला." बरोबर आला नाही.

तर साहेबांनी टाईप केलेला कागद पुढं सरकवला. शाईचा डबा उघडला.

"टेकव अंगठा आणि जा घरी."

घरी जा म्हटल्यावर जीव इतका हलका झाला, की हात आपोआप पुढं गेला. अंगठा शाईत बुडाला. चाळीस वर्षांची सवय. कागदावर टेकणार, तेवढ्यात एका शब्दावर नजर अडली.

शाळा मी पाहिली नाही. अक्षरं शिकले ती विड्यांच्या लेबलांवरनं, मग नातीच्या पुस्तकातनं, तिच्याबरोबर गिरवत. एकेक अक्षर जोडत वाचलं. स्व-खु-शी-ने. मग मागची पुढची सगळी ओळ वाचली.

हात मागं घेतला. मूठ आवळली.

"सायेब, सात सिमं मी सोखुशीनं दिली, असं लिवलंय ह्यात. हे खोटं हाय."

साहेबांनी नाकावरचा रुमाल खाली घेतला.

"वाचता येतं तुला?"

"येतं. तुमी इचारलं न्हाय."

"आत बसवीन. कळलं?"

लघवी होईल असं वाटलं. खरं तेच लिहिते. पण तोंडातनं निघून गेलं, "बसवा. आदी माजं म्हननं लिवून घ्या. न्हायतर कागद द्या, मीच लिवते."

आणि मी ती रिकामी खुर्ची ओढली. बसले. अडीच पानं लिहिली, वाकडीतिकडी. छत्री, टेबल, ओळखपत्र, सात वेळा. खाली सही केली. शाईचा अंगठा लुगड्याला पुसून टाकला. त्याच्या नकलेवर पोचल्याचा शिक्का मिळेस्तोवर संध्याकाळपर्यंत तिथनं हलले नाही.

सुटले असं समजू नका. नाव अजून त्यांच्या कागदावर आहे. परत बोलावतील. फोन वाजला की हिरवं बटण दाबायच्या आधी दहादा विचार करते. त्या मास्तरांना कोण सांगणार, ती मी नव्हते म्हणून?

दुसऱ्या दिवशी फाटकापाशी सगळ्या बायकांना शिक्क्याचा कागद दाखवला. नरसम्मा हसली नाही. आपला अंगठा बघत बसली. तिनंही त्या दिवशी पाच वेळा दाबला होता.

तिला घेऊन उद्या त्याच कचेरीत चाललेय. तिची तक्रार मी लिहिणार. आणि आमच्या रांगेत ठरलंय. अंगठा एकदाच. का, कशाला, ते वाचून. परत दाब म्हटलं, की मूठ. समोर साहेब असो नाहीतर कुणी असो.