पेवावरची शर्यत

हिलाल नाना माणूस वाईट नव्हता, असं दोंडाईच्याजवळच्या आमच्या गावात अजून म्हणतात. म्हणू देत. माझा बैल त्याच्या हाताखाली गेला, तेव्हा मी माझं सांगतो.

शर्यतीचे छकडे हाकणं हाच त्याचा धंदा. बैल दुसऱ्याचे, हात त्याचा. पराणीला, म्हणजे बैल हाकायच्या काठीला, खिळा ठोकायचा, बैल मंदावला की शेपूट दातांनी चावायचा आणि शर्यत संपली की रक्त पुसत त्याच बैलाच्या गळ्यात पडून रडायचा. वीस वर्षं त्याला कुणी हरवलं नव्हतं. सदुसष्ट साली झुलालने हरवलं. झुलाल त्याचाच चेला, हाकायला त्यानेच शिकवलेला. त्या दिवसापासून नानाचं डोकं फिरलं. मंदाबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, एकदा जेवताना झुलालचं नाव काढलं तर त्याने भरलं ताट भिंतीवर फेकून मारलं.

पुढच्या हिवाळ्यात जामनेरच्या बाजूला मोठी शर्यत ठरली. नानाने माझी जोडी मागितली. मीही हावरा, दिली. झुलाल दुसऱ्या मालकाची जोडी घेऊन आला. जागा दोघांनाही नवी. अशा वेळी सगळ्यांत जुना हाकणारा आदल्या दिवशी अनवाणी चालून जमीन पाहतो आणि त्याच्या शब्दावर बाकीचे बैल सोडतात. नाना भर दुपारी निघाला. डाव्या चाकोरीत, शेवटच्या निंबाच्या अलीकडे त्याने टाच आपटली, तर खालून पोकळ आवाज आला. ज्वारी साठवायचं जुनं पेव होतं, वरून माती ढकलून कसंबसं बुजवलेलं. चालता माणूस पेलला असता, धावती जोडी नाही.

परत येऊन त्याने सगळ्यांना सांगितलं, बठ्ठी जमीन चांगली शे. सगळी चांगली म्हणाला, पेवाचं नावही काढलं नाही.

आमच्याकडे वडील माणूस उजवीकडून हाकतो, लहान डावीकडून. हे कुणी कुणाला विचारतही नाही. आणि एका तालुक्याच्या जोड्या आधी आपसांत पळणार होत्या, म्हणजे नाना आणि झुलालच. झुलाल पेवात जाणार हे नानाने धरूनच चाललं होतं. त्या संध्याकाळी तो दोन भाकरी जास्त जेवला.

सकाळी जामनेरवाल्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. नानाला डावी आली.

त्याचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, मान राहिला नाही म्हणून. मी पंचांशी भांडलो, ते म्हणाले इथे चिठ्ठीच चालते. नानापुढे दोनच वाटा होत्या. खरं सांगावं तर वीस वर्षांची अब्रू जाणार, न सांगावं तर बैल. त्याने अब्रू धरली. जोडी उजवीकडे दाबून भर वेगात निघून जाऊ, असं त्याने मनाशी ठरवलं असावं.

असं हाकलेलं मी कधी पाहिलं नाही. पराणी वर जायची ती लाल होऊनच. उजवीकडच्या माझ्या बैलाच्या, मोहऱ्याच्या पाठीवरून रक्ताची धार पोटाखाली आली. निंबापाशी मोहऱ्या निसटला, पण डावीकडच्या भवऱ्याचा पुढचा पाय मांडीपर्यंत आत गेला. कडकन आवाज झाला, तो सगळ्यांनी ऐकला. छकडा उलटला. नाना दहा हात लांब पडला, खांदा निखळला. भवऱ्याचं हाड कातड्यातून बाहेर आलं होतं.

झुलाल पुढे होता, जिंकतच होता. त्याने जोडी आवरली आणि धावत मागे आला. नानाचं डोकं मांडीवर घेऊन म्हणाला, "नाना, तुमना काय दोष? जमीननीच दगा दिधा."

नानाने धड हाताने पराणी उचलली आणि त्याच्या तोंडावर हाणली. ओठ फाटला.

"ते पेव मी दखेल व्हतं," नाना म्हणाला. "तुनासाठे सोडेल व्हतं."

मग ती पराणी मी हिसकावली. नानाला खिळ्याच्या बाजूने मारलं, कुठे लागतंय ते पाहिलं नाही. झुलाल त्याच्या अंगावर आडवा पडला, तरी मी थांबलो नाही. पाचसहा तडाखे झुलालच्या पाठीवर बसले. खालून नाना ओरडत होता, त्याले नको, माले मार.

बघ्यांतल्या दोघांनी मला मागून धरलं तेव्हा माझं मारणं थांबलं. भवऱ्या तोवर तीन पायांवर उठायला बघत होता, पुन्हा पुन्हा पडत होता, आणि आमच्यातल्या कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं.