कोकणात जाणारं पाणी

आमच्या पाठीवरच्या सॅका गादीच्या कापडाच्या होत्या, निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या. आम्हा तिघा मित्रांतला एक बारामतीत गाद्या-उशांचं दुकान चालवतो. "विकतच्या सॅकेत असं काय सोनं भरलंय?" म्हणून त्यानं दुकानातल्या मशीनवर तीन शिवल्या. भोरच्या स्टँडवर उतरलो तर कंडक्टरनं विचारलं, "गाद्या कुणाच्या लग्नाला?" दुकानदार खूश झाला. मला मात्र जमिनीत शिरावंसं वाटलं.

भाटघरचं धरण आणि पुढं घाटातले धबधबे पायी फिरून बघायचे, असा बेत होता. शाळेत असल्यापासून आम्ही तिघं हे ठरवत होतो आणि दरवर्षी कुणाचं तरी लग्न, कुणाची तरी म्हैस आडवी येत होती. या श्रावणात दुकानदारानं हट्टच धरला. त्यानं लबाडी एवढीच केली, की मला सांगितलं दुसरा येत नाही आणि दुसऱ्याला सांगितलं मी येत नाही. बारामतीच्या स्टँडवर तसल्याच पट्ट्यांची सॅक पाठीवर घेऊन माझा शेजारी उभा दिसला, तेव्हा मी परतच फिरणार होतो. पण रात्री मी दुकानदाराकडंच मुक्कामाला होतो आणि त्याच्या अम्मीनं पहाटे उठून केलेल्या पुऱ्या माझ्याच सॅकेत होत्या. त्या घेऊन पळून जाणं बरं दिसलं नसतं.

शेजारी म्हणजे निरवांगीतला माझा बांधाला बांध असलेला मित्र. उन्हाळ्यापासून आम्ही बोलत नव्हतो. आमचं गाव कालव्याच्या शेपटाला, त्यामुळं पाणी येतं ते सगळ्यांचं भागवून, रडतखडत. त्याच्या शेतात जाणारा पाट माझ्या उसाच्या कडेनं जातो. उन्हाळ्यात त्याची पाण्याची पाळी चालू असताना पाट फुटला, पाणी माझ्या उसात शिरलं आणि त्याचा ऊस कोरडा राहिला. मी तेव्हा गोठ्यात होतो, मला काहीच माहीत नव्हतं. पण गावातल्या पारावर, चार माणसांत तो म्हणाला, "पाट फुटला असंल, पर ह्यानं बघितलं आन् गप बसला." चोर म्हणाला असता तर मी भांडलो असतो. पण बघून गप बसणारा माणूस मी आहे, असं त्याला वाटावं, हे मला फार लागलं. ज्याच्याबरोबर लहानपणी एका ताटात जेवलो त्यानं माझ्यावर विश्वास ठेवू नये? मग मीही तोंडाला कुलूप लावलं.

त्यामुळं सगळी बोलणी दुकानदाराच्या मार्फत चालली होती. "त्याला म्हणावं, जरा बाजूला सरक." "त्याला सांग, रस्ता त्याच्या बापाचा न्हाय." दुकानदार बिचारा दोन्हीकडचे निरोप हसत हसत पोचवत होता.

धरण दिसल्यावर मात्र आम्ही तिघंही कडेला जाऊन उभे राहिलो. एवढं पाणी एका जागी आम्ही पाहिलं नव्हतं. वीजघरात सोडत नाहीत, पण बाहेर उभं राहिलं तरी आतली घरघर ऐकू येत होती आणि खालून पाणी फेसाळत नदीला लागत होतं. हेच पाणी पुढं वीर धरणात अडतं, तिथून कालव्याला लागतं आणि शेवटी आमच्या पाटात येतं. शेजारी दुकानदाराला म्हणाला, "बघ, हितंच सगळी वीज काढून घेत्यात. मग आमच्याकडं यीस्तोवर त्यात कस तरी काय ऱ्हाणार?" माझे वडीलही शेवटपर्यंत हेच म्हणायचे. मला हसू फुटलं आणि ते लपवायला मी उगाच खोकलो.

दुसऱ्या दिवशी घाट चढलो. पावसानं सॅका भिजल्या आणि खरोखरच्या गाद्यांएवढ्या जड झाल्या. दुकानदाराला मी मनसोक्त शिव्या दिल्या. पण डोंगरावरून जागोजाग पांढरं पाणी कोसळत होतं, अंगावर तुषार येत होते, आणि मी किती सुखात होतो ते मला कबूल करावंच लागलं. अशा जागी कुणावर रागावून बसणं म्हणजे फार कष्टाचं काम.

घाटमाथ्यावर एका छोट्या धबधब्याचं पाणी रस्त्याकडेनं वाहत होतं. इकडं वळलं असतं तर नीरेला मिळालं असतं. पण ते सरळ पलीकडं, कोकणात चाललं होतं. शेजाऱ्यानं ते पाहिलं. सॅक फेकली, उकिडवा बसला आणि दगड रचायला लागला. मी कधी चिखलाचे गोळे त्याच्या हाताला द्यायला लागलो, ते माझं मलाच कळलं नाही. एक शब्द न बोलता आम्ही बांध घातला, हातांनी चर काढला आणि पाणी आमच्या बाजूला वळवलं.

"अरे, कोकणातल्या लोकांनी तुमचं काय घोडं मारलंय?" दुकानदार म्हणाला.

"निरवांगीपत्तुर जाईल का, त्याला इचार," शेजारी म्हणाला.

"जाईल की. फकस्त मधली समदी गावं झोपली पायजेत," मी दुकानदाराला म्हणालो.

बांधाला लागूनच आम्ही बसलो आणि पुऱ्या बाहेर काढल्या. दमट झाल्या होत्या, तरी गोड लागल्या. उसाच्या, साखर कारखान्याच्या, शाळेच्या गोष्टी निघाल्या. दुकानदाराला सांगायच्या निमित्तानं आम्ही एकमेकांना सांगत होतो.

खाऊन झाल्यावर दुकानदार हात धुवायला उठला आणि म्हणाला, "तुमचं पाणी तर पुन्हा कोकणातच चाललंय की!"

बांध मधोमध फुटला होता. कधी फुटला, कुणास ठाऊक. चर पार आटला होता, म्हणजे बराच वेळ झाला असणार. आणि आम्ही दोघं, जन्म पाण्याकडं बघण्यात गेलेले, अगदी बांधाच्या उशाला बसून होतो.

शेजारी त्या भगदाडाकडं बघत राहिला. पुऱ्यांचे तेलकट हात त्यानं गवताला पुसले, परत पुसले. मग मान न वळवता म्हणाला, "तू गोठ्यात हुतास न्हवं त्या दिवशी?"

महिनोन् महिने मी याच प्रश्नाला द्यायची उत्तरं घोटून ठेवली होती. एकाहून एक झोंबरी.

"व्हय," मी म्हणालो.

"गावात गेल्यावर पारावर सांगतो," तो म्हणाला. "चार माणसांत बोललोय, चार माणसांतच सांगाय पायजे."