सरांची तीन अक्षरं

सर गेम खेळायला उभे राहिले की आधी शर्टाच्या बाह्या दुमडत आणि दहाही बोटं कडाकडा मोडून घेत. औंढ्याला बसस्टँडमागे त्यांचा टायपिंगचा क्लास होता आणि दोन दुकानं सोडून व्हिडिओ गेमचं पार्लर. क्लास सुटला की ते आम्हा कॉलेजच्या पोरांत येऊन खेळत. स्कोर चांगला निघाला की मशीन नावाची तीन इंग्रजी अक्षरं विचारायचं. सर एस, आय, आर टाकत, आणि पहिल्या नंबरावर कायम तेच असत. रोज दुपारी चारला लाईट जाऊन सगळी नावं पुसली जायची. संध्याकाळी सर पुन्हा सगळ्यात वर.

एकदा त्या मशीनचं उडीचं बटन अडकायला लागलं. क्लासमध्ये कळ अडकलेल्या टाइपरायटरवर सर कुणाला बसू देत नसत. "मशीन बिघडलं तर दुरुस्त व्हतं. बोटं बिघडली तर न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मालकाला तीनदा सांगून झालं. "चालून राहिलं ना? मंग?" एवढंच तो म्हणे. शेवटी सरांनी जाहीर केलं, बटन दुरुस्त होईपर्यंत कुणी खेळायचं नाही.

झालं, आमच्यात दोन तट पडले. हिंगोलीकडच्या गोरेगावचा दत्ता म्हणाला, "सर, त्यो मशीनच इकून टाकल. खेळत खेळत भांडू की!"

"आपण खेळूनच राहिलो तर त्याला तकलीफ काय हाय?" सर म्हणाले.

सरांच्या बाजूने सगळ्यात जास्त मी तावातावाने बोललो. बोलायला माझं काय जात होतं! आठ दिवस आम्ही नुसते पायरीवर बसलो. मालक नरमला, सोमवारी हिंगोलीहून मिस्त्री आणतो म्हणाला.

शनिवारी दुपारी मला राहवलं नाही. मालक जेवायला गेला होता. गल्ल्यावर त्याची म्हातारी आई, तिला धड दिसत नसे, सगळी पोरं सारखीच. अंगठा तिरका दाबला की बटन सुटतं हे मला सापडलं आणि जन्मात पहिल्यांदा मी पहिला आलो, तेही जवळजवळ सरांएवढ्या स्कोरने. मशीन अक्षरं विचारू लागलं. मी सरांची टाकली. सवयीने हात गेला, असं मी पुढे स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. लाईट जाणारच होती. पण नाही गेली तर माझं नाव नको, आणि सरांना कोण काय म्हणणार, असा माझा विचार होता.

त्या दिवशी गावात मंत्री आले होते. लाईट गेलीच नाही.

संध्याकाळी मालकाने सगळ्यांना स्क्रीन दाखवली. "बगा तुमचे सर."

"म्या न्हाई खेळलो," सर एकदाच म्हणाले. पोरं स्क्रीनवरची अक्षरं पुन्हा पुन्हा वाचू लागली. मला ते सोसेना, म्हणून मीच ओरडलो, "सर, तुमीच काहून खेळले?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं, बाह्या सरळ केल्या आणि ते निघून गेले. दुसऱ्या दिवशी सगळे खेळू लागले. मिस्त्री काही आला नाही, आणि सर पुन्हा पार्लरात दिसले नाहीत.

बऱ्याच वर्षांनी ते हिंगोलीत तहसीलीबाहेर कॉम्प्युटरवर लोकांचे अर्ज टाइप करताना भेटले. मी माफीसाठी तोंड उघडलं.

"तू सगळ्यात मोठ्यानं वरडला, तवाच कळलं," ते म्हणाले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढे वाकून त्यांनी विचारलं, "पण अडकलेल्या बटनावर येवढा स्कोर काढला कसा रे?"

मी अंगठा तिरका धरून दाखवला. त्यांनी टेबलावर तसं करून पाहिलं.

"बोटं चांगली हायेत तुझी," सर म्हणाले. "बटन नीट झालं असतं ना, तर माझ्याबी पुढं गेला असता."